चित्रकलेच्या तासाची सूट

ठाण्यात नौपाड्याच्या आसपासच्या एका शाळेत मी २६ वर्षं चित्रकला शिकवली. शाळेचं नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे त्यात चूक माझी होती. सातवीच्या वर्गात एक मुलगी होती, कळव्याहून यायची. चष्म्याच्या काचा बाटलीच्या बुडासारख्या, तरी वही नाकाला टेकेपर्यंत जवळ धरायची. पहिल्याच तासाला मी तिला मोठ्या मायेनं म्हणालो, "बाळा, तू चित्र नाही काढलंस तरी चालेल. तू आपली सगळ्यांचे कागद गोळा कर." पुढे वर्षभर ती कागद गोळा करत राहिली. पालकसभेला तिची आई म्हणाली, "सर, तुम्ही तिला फार सांभाळून घेता हो." मी ते कौतुक घरी नेलं आणि चहा पिता पिता बायकोलाही ऐकवलं.

मी दिलं त्याला शाळेच्या भाषेत ‘सूट’ म्हणतात. दृष्टिहीन विद्यार्थ्याला बोर्डाच्या परीक्षेत विज्ञानाच्या आकृतीऐवजी, भूगोलाच्या नकाशाऐवजी वेगळा प्रश्न मिळतो, आणि तो मिळायलाच हवा. हृदयाची आकृती काढता आली नाही म्हणून हृदयाचं काम माहीत असलेलं मूल नापास का व्हावं? पण हा शब्द परीक्षेच्या दालनातून निघून हळूच वर्गात येऊन बसला. शिक्षकाला सोयीचा, पालकाला बोचत नाही, मुलाला तर कोणी विचारतच नाही. सूट देता देता त्या मुलाची सुट्टी होते. शाळेच्या वेळापत्रकात हे सर्वांत बिनबोभाट कुठे होतं, तर चित्रकलेच्या तासाला.

गंमत अशी, की सगळ्यांना सामावून घ्यायला याहून सोपा तास नाही. गणितात उत्तर एकच असतं, शुद्धलेखनात ऱ्हस्व ते ऱ्हस्वच. चित्रात एका विषयाची ६० उत्तरं बरोबर असू शकतात. ज्या तासाला कोणालाच बाहेर बसवायची गरज नाही, त्याच तासाला आपण आधी काही मुलांना बाहेर बसवतो. माझी तक्रार आहे ती याबद्दल.

या विषयावर बोलायचं तर मला चित्रकार बिनोदबिहारी मुखर्जी आठवतात. जन्म १९०४, कोलकात्याजवळचं बेहाला. एका डोळ्यानं जन्मापासून दिसत नव्हतं, दुसऱ्यानं अगदी जवळचं तेवढं. नेहमीच्या शाळेत अशा मुलाचं बस्तान बसेना, म्हणून त्याला रवींद्रनाथ ठाकुरांच्या शांतिनिकेतनला पाठवलं. १९१९ साली तिथे कलाभवन, म्हणजे कला शिकवणारा विभाग, सुरू झालं आणि हा मुलगा तिथल्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक झाला. एवढ्या अधू नजरेच्या मुलाला चित्रकला शिकवायची कशी, असा प्रश्न तिथे शिकवणाऱ्या चित्रकार नंदलाल बोसांनाही पडला होता. तो मन लावून काम करतोय ना, मग राहू द्या त्याला, अशा अर्थाचं काहीतरी रवींद्रनाथ म्हणाले, असं सांगतात. शब्द काय होते ते राहू दे. मुलगा राहिला आणि त्याच्या हातात कागद आला, एवढं नक्की.

१९२५ पासून ते कलाभवनातच शिकवू लागले आणि पुढे जवळजवळ पाव शतक शिकवत राहिले. चित्रकार के. जी. सुब्रमण्यन त्यांचे विद्यार्थी, सिनेमावाले सत्यजित रायही. १९४६-४७ मध्ये त्यांनी शांतिनिकेतनच्या हिंदी भवनात तीन भिंतींवर मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. ओल्या गिलाव्यावरचं काम, म्हणजे गिलावा सुकायच्या आत हात चालला पाहिजे, खोडरबराची सोय नाही. एका डोळ्याच्या, तोही अधू, माणसानं एवढा मोठा पट कसा पेलला असेल? तो एका नजरेत पाहणं त्यांना शक्यच नव्हतं. माणसामागून माणूस, खांद्याला खांदा, असा तो पट नदीसारखा पुढे सरकतो. त्यात कबीर आहेत, तुलसीदास आहेत, सूरदासही आहेत. मला नेहमी वाटतं, ही रचना त्या डोळ्यांतूनच आली असावी. दुरून सगळं एकदम दिसणाऱ्यानं ती भिंत वेगळी रंगवली असती. चांगलीही रंगवली असती, पण ती वेगळी झाली असती.

पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया फसली आणि होती तेवढी दृष्टीही गेली. त्यानंतरची हकिगत लोक ‘जिद्दीची कहाणी’ म्हणून सांगतात आणि तिथे मला अडखळायला होतं. आंधळे झाल्यावर त्यांनी रेखाटनं केली, मेणात आकार घडवले, रंगीत कागद कापून चिकटवले. १९७२ साली कलाभवनाच्या भिंतीवर फरश्यांचं भलंमोठं काम केलं, विद्यार्थी-सहकाऱ्यांचे हात मदतीला घेऊन. त्याच वर्षी रायनी आपल्या या गुरूवर माहितीपट काढला, १९७४ मध्ये पद्मविभूषण मिळालं. सगळं खरं. पण १९५८ साली, म्हणजे डोळे गेल्यावर, ते कलाभवनात परत शिकवायला आले, हे वाक्य आपण घाईत वाचून पुढे जातो. कला शिकवणाऱ्या संस्थेनं एका दृष्टिहीन माणसाला शिक्षक म्हणून नेमलं. आज ठाण्यातल्या किती शाळा नेमतील? एका थोर माणसाची जिद्द दाखवून बाकीच्या पोरांना ‘बघा, तुम्हीही करू शकता’ असं सांगणं स्वस्त आहे. त्या माणसाला दोनदा, एकदा मूल असताना आणि एकदा डोळे गेल्यावर, दार उघडं ठेवणारी शाळा होती. ते काम महाग आहे. म्हणून त्याचा धडा कोणी लिहीत नाही.

आता माझ्या त्या विद्यार्थिनीकडे येतो. आठवीत चाचणी होती. स्मरणचित्राचा विषय ‘रेल्वे स्थानकावरील गर्दी’. कागद वाटायला निघालेली ती मुलगी थांबून म्हणाली, "सर, एक कागद मी ठेवू?" मी म्हटलं, ठेव. तासाच्या शेवटी तिनं जे दिलं ते काळ्या तेलखडूच्या तुकड्यानं काढलेलं होतं. पिशव्या होत्या, डबे होते, लोंबणारे हात, बांगड्या चढलेलं एक कोपर आणि मधोमध अख्खा कागद व्यापणारी भाजीची नायलॉनची पिशवी. एकही डोकं नाही. खाली या टोकापासून त्या टोकापर्यंत ठिपक्यांच्या दोन ओळी. मला वाटलं, डाग पडलेत.

"हे काय गं?"

"पिवळ्या गोळ्या, सर. फलाटावर पायाला लागतात ना, त्या."

मी शेरा लिहिला, ‘मानवाकृती अपूर्ण. यथार्थदर्शन नाही.’ यथार्थदर्शन म्हणजे जवळचं मोठं, लांबचं लहान दाखवणं. दहापैकी तीन.

बाकीच्या मुलांनी एकच स्थानक काढलं होतं. उजवीकडून आत येणारी गाडी, वर घड्याळ, एक चहाचा स्टॉल आणि डोक्यावर पेटी घेतलेला लाल सदऱ्यातला हमाल. सकाळी साडेआठला ठाण्याच्या लोकलच्या फलाटावर तो हमाल मी तरी कधी पाहिला नाही. पण क्लासच्या नमुनाचित्रात तो असतो, म्हणून पोरांच्या ‘स्मरणात’ही असतो. त्यांना मी सात-सात, आठ-आठ गुण दिले. त्या वर्गात स्वतःच्या आठवणीतून स्थानक काढणारी मुलगी एकच होती.

व्हिक्टर लोवेनफेल्ड हे नाव मला निवृत्तीला पाच वर्षं उरली असताना कळलं. आमच्या कलाशिक्षक पदविकेत ते कधी कानावर पडल्याचं आठवत नाही, की मीच त्या दिवशी तासाला दांडी मारली होती, देव जाणे. १९०३ साली ऑस्ट्रियात जन्मलेला हा चित्रकार-शिक्षक व्हिएन्नात अंध मुलांच्या संस्थेत मातीकाम शिकवत असे. त्याच्या लक्षात आलं, की काही माणसं जग डोळ्यांनी रचतात आणि काही अंगानं, स्पर्शानं. दुसऱ्या प्रकारची माणसं सगळीच अंध नसतात, डोळस मुलांतही ती भरपूर असतात. अशा मुलाच्या चित्रात जे अंगाला भिडलं ते मोठं होतं. ओरडणाऱ्या माणसाचं तोंड चेहऱ्याएवढं, काही उचलणाऱ्याचे हात धडाएवढे. तोवर लोक याला चूक म्हणत होते. १९३८ मध्ये नाझींमुळे त्याला व्हिएन्ना सोडावी लागली आणि तो अमेरिकेत व्हर्जिनियातल्या हॅम्पटन इन्स्टिट्यूटमध्ये गेला. ही काळ्या विद्यार्थ्यांची संस्था. तिथे त्यानं या मुलांना त्यांच्या स्वतःच्या जगण्याची चित्रं काढायला लावली. जॉन बिगर्ससारखा चित्रकार त्याच वर्गातून पुढे आला. स्वतः हुसकावला गेलेला माणूस बाहेर बसवलेल्यांना घेऊन बसला. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

हे वाचलं आणि ती भाजीची पिशवी आठवली. तिच्या उंचीला, तिच्या नजरेला, रोज सकाळी गर्दी म्हणजे तेच, तोंडावर आदळणारी पिशवी. यथार्थदर्शन याहून वेगळं काय असतं?

आपल्याकडे चित्र ‘येणं’ म्हणजे काय, हे कोण ठरवतं? एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट. कला संचालनालयाच्या या परीक्षांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत चित्रकला पोहोचवली, हे ऋण मी नाकारणार नाही. मी स्वतः इंटरमिजिएटच्या ‘ए’ ग्रेडवर कॉलर ताठ करून फिरलेला माणूस आहे. पण वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती-अक्षरलेखन हे पेपर एका विशिष्ट डोळ्यासाठी आणि एका विशिष्ट हातासाठी आखलेले आहेत. इंटरमिजिएटच्या ग्रेडवर दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळू लागले आणि आठवी-नववीचा चित्रकलेचा तास म्हणजे या पेपरांची तालीम झाला. ज्याला दिसत नाही किंवा ज्याचा हात थरथरतो, त्याला वेळ वाढवून दिलात तरी समोरचा माठ आणि दोन वांगी ‘हुबेहूब’ कशी येणार? माझी मागणी साधी आहे. वस्तुचित्राला मातीकामाचा पर्याय द्या. माठ हाताळायला द्या आणि शाडूत घडवायला सांगा. प्रमाण, आकार, तोल, सगळं तिथेही तपासता येतं. परीक्षकाला थोडं शिकावं लागेल, एवढंच.

रंगभरण स्पर्धांबद्दल बोलायलाच नको, पण बोलतो. प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक नेत्याच्या वाढदिवसाला, छापील फुलपाखरात रंग भरायचा. परीक्षक म्हणून मीही शंभरेक वेळा गेलो असेन, कारण मानाचा नारळ आणि शाल मिळते. निकष एकच, रंग रेषेबाहेर गेला नाही पाहिजे. मेंदूच्या पक्षाघाताचं मूल त्या निकषावर पहिल्या मिनिटाला हरतं. छापील चित्रांत रंग भरण्यानं मुलांची स्वतःची रेषा मरते, असं लोवेनफेल्ड म्हणत होता. आपण त्यावर बक्षीस समारंभ करतो.

दुसऱ्या टोकाला दया उभी आहे. दिवाळीच्या आधी ठाण्यातल्या मॉलमध्ये, शाळांच्या आवारात, विशेष मुलांनी रंगवलेल्या पणत्यांचे स्टॉल लागतात. मी दरवर्षी डझनभर घेतो, तुम्हीही घ्या. त्या कामातून हातखर्च मिळतो, हाताला सवय लागते, हे मोलाचं आहे. पण एका स्टॉलवर एकदा जरा रेंगाळलो. पन्नास पणत्या, सगळ्यांवर तीच सोनेरी वेल, तेच तीन लाल ठिपके. मागे बसलेल्या एका मुलानं एका पणतीवर ठिपक्यांऐवजी आडव्या रेघोट्या ओढल्या होत्या. ताईंनी ती पणती हळूच टेबलाखाली ठेवली. तेवढ्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, "काय सुंदर काम करतात हो ही मुलं!" ते पाहत होतं वेलीकडे, जी मुलानं काढायची ठरवलीच नव्हती. ताईंना दोष देत नाही, ऑर्डर पुरी करायची होती. मात्र हे उत्पादन आहे, आणि त्याला कलाशिक्षण म्हणून आपण मोकळे होतो. माझा शेरा आणि त्या गिऱ्हाइकाचं कौतुक, दोन्हींत कोणी मुलाच्या चित्राकडे पाहिलं नव्हतं.

यावर माझे सहकारी चिडून म्हणतात, "बोलायला काय जातं? ६० मुलं, ३५ मिनिटं, आठवड्याला एक तास, तोही गणिताच्या बाई मागून नेतात." त्यांचं बरोबर आहे. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीसाठी कलेचा निदेशक मागितला, पण शंभरावर मुलं असली तरच, आणि तोही अर्धवेळ. नव्वद मुलांच्या शाळेतल्या पोरांना हात नसतात की काय? महाराष्ट्रात या निदेशकांना मानधनावर राबवून घेतलं जातं. ज्याची स्वतःची नोकरी धड नाही, त्याला ‘प्रत्येक मुलाकडे लक्ष द्या’ सांगायला तोंड हवं. शिक्षक नसेल तर समावेशन फलकावर राहील, हे मला मान्य आहे. मात्र सेवेत कायम असलेल्या माझ्यासारख्यानं ही सबब सांगू नये. मला वेळ होता. मला सुचलं नव्हतं.

‘अशा मुलांसाठी विशेष शाळा आहेत ना?’ हाही एक प्रश्न येतो. आहेत. ठाणे महापालिकेची ‘जिद्द’ आहे, वाशीला नवी मुंबई महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, आणि तिथे जे तंत्र, जो संयम लागतो तो आमच्याकडे नाही. काही मुलांना तीच जागा योग्य. पण माझ्या वर्गातली मुलगी आधीच माझ्या वर्गात होती. तिला कुठे पाठवायचं हा प्रश्नच नव्हता.

आणि दर्जा? ‘सगळ्यांना सामावून घेतलं तर कलेचा दर्जा राहणार नाही’ ही धास्ती मोठ्या संस्थांनाही वाटते. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट शिकवणाऱ्या संस्थेनं रंगांधळेपणाच्या कारणावरून एका विद्यार्थ्याला चित्रपट संकलनाचा प्रवेश नाकारला होता. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. न्यायालयानं तज्ज्ञांची समिती नेमली आणि एप्रिल २०२२ मध्ये सांगितलं, की रंगांधळ्यांना सरसकट दार बंद करता येणार नाही. सिनेमा ही अनेकांनी मिळून करायची कला आहे. रंग जुळवण्याचा भाग आड येत असेल तर अभ्यासक्रमात बदल करा. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्येही हेच लिहिलं आहे. त्याच्या २९ व्या कलमात कलाविषयांचे अभ्यासक्रम दिव्यांगांना भाग घेता येईल असे नव्यानं आखण्याची गोष्ट आहे. नव्यानं आखणं आणि सूट देणं यांत किती अंतर आहे बघा. पहिल्यात काम शिक्षकाला करावं लागतं.

सेवाग्रामला देवीप्रसाद नावाचे कलाशिक्षक होते. शांतिनिकेतनात शिकून १९४४ साली आले आणि १९६२ पर्यंत नई तालीमच्या, म्हणजे गांधीजींच्या शिक्षणपद्धतीच्या शाळेतल्या, मुलांबरोबर राहिले. शिक्षणाचा पायाच कला, असं ते मानत. म्हणजे हा विचार बाहेरून आणायचा नाही, वर्ध्याहून आणायचा आहे. आमच्या शाळेत तो वर्षातून एकदा आपोआप यायचा, श्रावणात, शाडूच्या गोण्यांबरोबर. कोपरापर्यंत चिखल लागलेल्या त्या दोन तासांत मी कोणालाही सूट दिल्याचं आठवत नाही. त्या कळव्याच्या मुलीनं केलेल्या गणपतीचे कान सुपाएवढे होते आणि वर्गात तिचाच गणपती सगळ्यांत घट्ट बसला होता, बाकीच्यांचे कलत होते. आठवडाभरानं पुन्हा कागद-पेन्सिल आली आणि ती पुन्हा कागद गोळा करू लागली. मुलगी तीच, वर्ग तोच, फक्त साहित्य बदललं होतं. एवढं डोळ्यांसमोर असून मला दिसलं नाही.

शेवटच्या पाच वर्षांत जे केलं ते फार नाही. खिडकीला लावतात ती डासांची जाळी जांभळी नाक्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून मीटरभर आणली, जाड पुठ्ठ्यांवर ताणून चिकटवली. तिच्यावर कागद ठेवून मेणखडू दाबून ओढला की रेघ दाणेदार उमटते, बोटाला लागते. ज्याला दिसत नाही त्याला आपली रेघ कुठे गेली ते कळतं. थरथरत्या हाताच्या मुलासाठी कागदाचे चारही कोपरे बाकाला चिकटपट्टीनं डकवले, ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हँडलची मूठ चढवली. सगळा खर्च दोनशेच्या आत. जाळीच्या अशा पाट्या सहाच केल्या होत्या, ज्यांना गरज त्यांच्यापुरत्या. दुसऱ्याच तासाला चांगल्या डोळ्यांची पोरं त्यांच्यासाठी भांडायला लागली. "सर, त्याच्यावर रेघ उठते. मला पण पाहिजे." रांग लावावी लागली. पहिल्या बाकावरच्या, एका डोळ्यानं न दिसणाऱ्या मुलानं आपली पाटी छातीशी धरली आणि मागे वळून ठणकावलं, "थांब रे, माझं झालं नाही अजून."